मूतखड्यासाठी स्कॅन केला आणि दुसऱ्याच मूत्रपिंडात गाठ निघाली

प्रश्न

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या भावाच्या डाव्या कुशीत मध्यरात्री असह्य कळ आली. मूतखड्याची शंका आल्यामुळे सकाळी पोटाचा सीटी स्कॅन केला. डाव्या मूत्रवाहिनीत ४ मिलिमीटरचा खडा सापडला आणि दोन दिवसांत तो आपोआप पडूनही गेला. मात्र त्याच अहवालाच्या दुसऱ्या पानावर, पित्ताशय नॉर्मल, प्लीहा नॉर्मल अशा ओळींच्या गर्दीत, उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाशी ३.२ सेंटिमीटरची गाठ असल्याची नोंद होती. म्हणजे जी बाजू आजवर एकदाही दुखली नव्हती, ती. कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक दिसावे म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन पुन्हा स्कॅन झाला, कर्करोगाची दाट शक्यता सांगण्यात आली आणि मूत्रपिंडाचा तेवढाच भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात ठरली आहे.

भेटायला येणारा प्रत्येक जण 'नशीब बलवत्तर' म्हणून जातो. दादाने तर तो खडा डबीत जपून ठेवला आहे. मला मात्र दोन प्रश्न छळत आहेत. गाठ एवढी वाढेपर्यंत शरीराने काहीच कसे कळवले नाही? आणि असे जर असेल, तर घरातल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन का करून घेऊ नये?

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे क्ष-किरण विभागात डॉक्टर म्हणून काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. मूत्रपिंडाच्या आतल्या मांसल भागाला वेदना जाणवत नाही. मूत्रवाहिनी तुंबली किंवा मूत्रपिंडावरचे आवरण ताणले गेले, तरच दुखते. शिवाय हा अवयव पोटात अगदी मागे, चरबीच्या वेष्टनात असतो, त्यामुळे लहान गाठ हाताला लागत नाही. कुशीत दुखणे, लघवीतून रक्त जाणे आणि पोटात गोळा लागणे ही पुस्तकांतली तिन्ही लक्षणे एकत्र दिसणारे रुग्ण आता दहा टक्क्यांहूनही कमी असतात. मूत्रपिंडाच्या निम्म्याहून अधिक गाठी आज दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत किंवा सीटीमध्ये सापडतात. आपल्या दादांची गाठ ४ सेंटिमीटरच्या आत आहे, ही खरोखर जमेची बाजू आहे. एवढ्या आकाराच्या गाठींपैकी साधारण पाचात एक तर तपासणीअंती साधीच, म्हणजे कर्करोगाची नसलेली, निघते.

आता दुसरा प्रश्न. योगायोगाने सापडणाऱ्या गाठींना आमच्या व्यवसायात 'इन्सिडेंटालोमा' म्हणतात. हा शब्द १९८२ मध्ये अधिवृक्क ग्रंथीतल्या (मूत्रपिंडाच्या वर असलेल्या ग्रंथीतल्या) अशाच गाठींसाठी वापरात आला. त्या गाठींपैकी बहुसंख्य निरुपद्रवी असतात, पण हे ठरवण्यासाठी रक्ताच्या आणि संप्रेरकांच्या तपासण्या कराव्याच लागतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या एका अभ्यासात मध्यमवयीन आणि वृद्ध अशा २,००० सामान्य नागरिकांच्या मेंदूचे एमआरआय काढले गेले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ७.२ टक्के लोकांच्या मेंदूत रक्तपुरवठा खंडित होऊन गेल्याच्या खुणा होत्या आणि १.८ टक्के लोकांच्या मेंदूतील धमनीवर फुगा होता. लहान फुगा बहुधा जन्मभर फुटत नाही. पण तो आहे हे एकदा कळल्यावर त्या माणसाला शिंक आली तरी धास्ती वाटते, आणि शस्त्रक्रिया करावी तर तिचाही धोका असतोच. तक्रार नसताना सरसकट स्कॅन करू नये असे मी म्हणते, ते या अनुभवावरून.

प्रतिसाद २

माझी हकिगत स्कॅनची नाही, चष्म्याची आहे. वाचताना अक्षरे धूसर दिसू लागली, म्हणून नंबर तपासायला गेलो. फळ्यावरची शेवटची ओळसुद्धा मी बिनचूक वाचली. मग बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून डॉक्टर डोळ्यात प्रकाश टाकून पाहू लागले. उजवा डोळा, डावा डोळा, पुन्हा उजवा. नंतर खुर्ची मागे सरकवून त्यांनी शांतपणे विचारले, "सकाळी उठल्या उठल्या डोके दुखते का?" दुखत होते. मी ते अपुऱ्या झोपेवर ढकलले होते. डोळ्यामागच्या चेतातंतूच्या मुखाला दोन्ही बाजूंनी सूज होती, म्हणजे कवटीतला दाब वाढल्याचा संशय होता. त्याच दिवशी एमआरआय झाला आणि मेंदूच्या आवरणावर गाठ दिसली. ती साधी होती, काढली, आणि आज मी कामावर आहे.

याला मी योगायोग म्हणत नाही. चष्म्याचा नंबर काढून मला घरी पाठवणे सहज शक्य होते. त्या डॉक्टरांनी दहा मिनिटे जास्त दिली.

प्रतिसाद ३

स्कॅनच्या हौसेबद्दल एक उदाहरण द्यावेसे वाटते. दक्षिण कोरियात निरोगी लोकांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान सुमारे पंधरा पटींनी वाढले, पण त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण होते तेवढेच राहिले. निदान झालेल्या बहुतेकांवर शस्त्रक्रिया झाली. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांना आयुष्यभर गोळी घ्यावी लागते, आणि काहींच्या आवाजावरही परिणाम होतो.

मात्र नाण्याची दुसरी बाजू माझ्याच घरात आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी वडिलांच्या रक्ताची नेहमीची तपासणी झाली. पांढऱ्या पेशी ३८,००० होत्या. एरवी त्या ११,००० च्या आत असतात. अहवालात त्या आकड्यापुढे ठळक खूण होती, पण साखर आणि रक्तदाब ठीक म्हणून शस्त्रक्रिया उरकली गेली. चौदा महिन्यांनी थकवा वाढल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले, तेव्हा तो आकडा पहिल्यांदा कोणी तरी वाचला. निदान झाले क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या एका कर्करोगाचे. २००१ पासून इमॅटिनिब हे औषध उपलब्ध असल्याने या आजाराचे रुग्ण आता वर्षानुवर्षे चांगले जगतात आणि वडीलही बरे आहेत. पण ते चौदा महिने मला अजून सलतात. आजार सापडला होता, तो कोणी सांगितला नव्हता.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सरसकट स्कॅनचा विचार मी सोडला आहे. मात्र प्रतिसाद ३ वाचल्यावर राहवले नाही आणि आईच्या फायली काढल्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या छातीच्या एक्स-रेच्या अहवालात शेवटची ओळ अशी आहे: 'उजव्या फुप्फुसात लहान गाठसदृश सावली, पुढील तपासणी आवश्यक.' तारीख अडीच वर्षांपूर्वीची आहे. आईला खोकला नाही, वजनही घटलेले नाही. उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

घाबरून जाऊ नका, पण जाताना नुसता अहवाल नेऊ नका. जुनी फिल्म किंवा सीडी शोधून ती बरोबर न्या. एकट्या सावलीवरून फार काही कळत नाही, दोन सावल्या शेजारी ठेवल्या की कळते. अडीच वर्षांत ती तसूभरही वाढलेली नसेल, तर बहुधा ती जुन्या संसर्गाची खूण असेल. वाढलेली असेल तर छातीचा सीटी करावा लागेल. फिल्म घरात सापडली नाही, तर जिथे एक्स-रे काढला होता तिथे आजच फोन करून विचारा, कारण जुन्या प्रतिमा सगळीकडे कायमच्या जपल्या जात नाहीत.