मदत हवी आहे : स्क्वॉशच्या जोरावर आयव्ही लीग प्रवेश

नमस्कार मंडळी. भाची पुण्यात अकरावीला आहे, स्क्वॉश खेळते, आयव्ही लीगमध्ये (अमेरिकेतली हार्वर्डसारखी आठ नामांकित विद्यापीठं) शिकायचं म्हणते. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, घरच्या परिस्थितीनुसारच आर्थिक मदत मिळते, एवढं कळलंय.

घरात मात्र 'खेळाडू म्हणजे अभ्यासात कच्ची' हेच पालुपद. पहाटे कोर्टवर घाम गाळून परतताना रिक्षात केमिस्ट्रीची गणितं सोडवणाऱ्या पोरीला असं ऐकवणं मला अजिबात पटत नाही. हार्वर्डच्या 2018 मधल्या खटल्यात खेळाडूंना प्रवेशात मिळणारं झुकतं माप उघड झालं, मान्य. पण त्यावरून हिची अक्कल कशी ठरवायची?

तिथे खेळाडूंचे मार्क आणि एसएटी (तिथल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा) मिळून 'ॲकॅडेमिक इंडेक्स' काढतात. त्यात आपल्या बोर्डाचे टक्के कसे धरतात? कोचला आधी मेल करावी की एसएटीनंतर? ज्यांची मुलं या वाटेने गेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.