कोल्डवाला (शीतगृहाचा मालक) आमचा बेदाणा सोडत नाही, अडत्याची उचल पुढं करतोय. काय करावं?

बेदाणेवाला_तासगाव:
नमस्कार मंडळी. इथं वकील आणि बागायतदार दोन्ही आहेत म्हणून विचारतो.

मार्चमध्ये वडिलांनी बेदाणा कोल्डला लावला. पंधरा किलोचे 212 बॉक्स, सगळा हिरवा माल. दिवाळीआधीच्या सौद्यासाठी काढायला गेलो, भाडं रोख घेऊन. मॅनेजर म्हणाला, "अडत्याचा फोन आल्याशिवाय गेटपास निघणार नाही."

झालंय असं, की छाटणीच्या वेळी वडिलांनी एका अडत्याकडून (बाजारात माल विकून देणारा) दीड लाख उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली. त्याचं म्हणणं, माल माझ्याच दुकानात लावा. गेल्या वर्षी त्यानं पट्टी (विक्रीचा हिशोब नि पैसे) द्यायला तीन महिने लावले, म्हणून यंदा आम्हाला दुसरीकडं लावायचाय. उचल बुडवायची नाही, माल विकला की देणारच. पण ह्यात कोल्डवाल्याचा काय संबंध? वडील म्हणतात, मोठ्या माणसांशी वाकडं नको. मला मात्र झोप नाही, कारण एका चेंबरचं मशीन मधे बंद पडलं होतं असं हमालांकडून कळलंय. थंडी तुटली की हिरवा माल लालसर पडतो आणि रंग गेला की भाव गेला. नुकसान झालं तर कोणाच्या डोक्यावर?

रांगडा_गडी:
सरळ पोलिसात जा. दुसऱ्याचा माल दाबून ठेवला म्हणजे चोरीच की.

काळा_कोट:
रांगडे, चोरी नाही ती. माल तुमच्याच हातानं त्याच्याकडं दिलाय. फौजदारीत बसलंच तर विश्वासघात बसेल. वखारवाल्यानं सोपवलेल्या मालाचा अपहार केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्याला बदनियत दाखवावी लागते, नुसतं "आज देत नाही" पुरत नाही. ठाण्यात "हे दिवाणी आहे" म्हणून परत पाठवतील आणि तुमचा आठवडा जाईल.

बेदाणेवाले, आधी सांगा: पावतीवर नाव कोणाचं? आणि मागच्या बाजूला काय छापलंय?

बेदाणेवाला_तासगाव:
नाव वडिलांचं, लॉट नंबरही आहे. पण खाली "मार्फत" असा रकाना आहे, त्यात अडत्याचं नाव. मागं छापलंय, "भाडे व इतर येणे बाकी असेपर्यंत माल ताब्यात ठेवण्याचा अधिकार राहील."

काळा_कोट:
मग बाजू बरी आहे. 1872 च्या करार कायद्यात असा माल दुसऱ्याकडं सांभाळायला देण्याला निक्षेप म्हणतात. मुदत संपली किंवा काम झालं की माल ठेवणाऱ्याला, किंवा तो सांगेल त्याला, परत द्यायचा (कलम 160). मागणीचीही वाट बघायची नाही, पण तुम्ही मागणी लेखी कराच, कारण पुढं सांगतो.

कोल्डवाला म्हणेल, आमचा धारणाधिकार (पैसे मिळेपर्यंत माल अडवायचा हक्क) आहे. कुठल्याही बाकी पैशांसाठी सरसकट माल अडवायचा हक्क कलम 171 बँका वगैरे मोजक्यांनाच देतं, बाकीच्यांना तसा स्पष्ट करार असेल तर. तुमच्या पावतीवर तो छापलाय, मान्य. पण "येणे" कोणाचं? कोल्डचं. अडत्याची उचल कोल्डचं येणं होत नाही.

अडत्याला मालावर हक्क सांगायचाच असेल तर कलम 167 आहे: त्यानं कोर्टात जाऊन माल देणं थांबवायला सांगावं. फोन करून नाही. कोल्डवाल्यालाही भीतीचं कारण नाही. त्यानं माल ठेवणाऱ्याला तो सद्भावनेनं परत दिला आणि पुढं मालकी दुसऱ्याची निघाली, तरी कलम 166 त्याला वाचवतं.

शून्याखाली_चार:
मी ह्याच धंद्यात आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. कायदा वकीलसाहेबांनी बरोबर सांगितला, पण आमचे निम्मे चेंबर अडत्यांच्या शब्दावर भरतात. त्यांना दुखावलं की पुढच्या हंगामात रॅक रिकामे. म्हणून मॅनेजर फोनची वाट बघतो.

दादा, एक गोष्ट मात्र तपासा. उचल घेताना वडिलांनी कोऱ्या कागदावर सही दिलीय का? माल अडत्याकडं तारण किंवा त्याच्या खात्यावर वर्ग केल्याचं पत्र कोल्डच्या फायलीत असेल तर चित्र बदलतं. नुसत्या "मार्फत" रकान्यानं मालकी जात नाही.

बेदाणेवाला_तासगाव:
वडिलांना विचारलं. चिठ्ठी लिहून दिलीय, पण ती फक्त पैसे घेतल्याची. मालाचा उल्लेख नाही. रंगाचं काय साहेब?

काळा_कोट:
त्यासाठीच लेखी मागणी. पत्रात लॉट, बॉक्स, तारीख आणि "भाडे द्यायला तयार आहोत" हे वाक्य हवंच. स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा, एक प्रत हातात देऊन शिक्का घ्या. कोल्डवाल्यानं स्वतःच्या चुकीनं वेळेवर माल दिला नाही, तर त्या वेळेपासून नासधुशीची जबाबदारी कलम 161 नुसार त्याची. त्याआधी मशीन बंद पडलं असेल तर कलम 151 लागतं: शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घेतली का? ती घेतली हे त्यानं दाखवायचं. तापमानाच्या नोंदवहीची नक्कल मागा.

नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. कर्नाटकातल्या एका शीतगृहाला 2014 मध्ये आग लागली, त्या प्रकरणात तिथं माल ठेवणारे शेतकरी ग्राहकच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये म्हटलंय. मालच परत मागायचा दिवाणी दावा असेल तर नकार मिळाल्यापासून तीन वर्षं.

बेदाणेवाला_तासगाव:
मंडळी, पत्र घेऊन गेलो. मॅनेजरनं दोनदा वाचलं, आत जाऊन मालकाशी बोलला आणि पाऊण तासात गेटपास केला! आता टेम्पो भरतोय. 203 बॉक्स ठीक आहेत, 9 लालसर पडलेत. तो म्हणतो, "माल सुस्थितीत मिळाला" ह्या छापील ओळीखाली सही करा.

काळा_कोट:
थांबा! ती ओळ खोडा. "9 बॉक्स रंग बदललेले" असं लिहा, मग सही. फोटो लॉट नंबर दिसेल असे काढा. आणि अडत्याची उचल बँकेतूनच द्या, रोख नको.

बेदाणेवाला_तासगाव:
खोडली. तोंड वाकडं केलं, पण शिक्का मारला. टेम्पो निघालाय.