स्लीव्हनंतरचे पहिले महिने

ताई, तुम्ही विचारलंय की स्लीव्ह, म्हणजे वजन कमी करायला जठर लहान करण्याचं ऑपरेशन, केल्यावर जेवण कधी रुळावर येतं आणि केस गळायचे थांबतात का. माझं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, म्हणून सांगते.

जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, तो परत येत नाही. हे घरच्यांना आधी सांगा. आमच्या सासूबाईंचं एकच, "सकाळी रेसकोर्सवर चालायला जा, झालं." शुगर आणि गुडघे दोन्ही हाताबाहेर गेले तेव्हा मी ठरवलं.

पहिले दोन आठवडे नुसतं पातळ: ताक, डाळीचं गाळलेलं पाणी, नाचणीची आंबील. मग मऊ भात, चमचा चमचा. मला सगळ्यात जड गेलं ते जेवताना पाणी न पिणं. जेवणानंतरही अर्धा तास थांबायचं! केस तिसऱ्या महिन्यात मूठमूठ गळले, वर्षाच्या आत थांबले. प्रोटीन रोज ६० ग्रॅम तरी लागतं. एवढ्याशा भाकरी-आमटीत ते होत नाही, अंडी-पनीर हवंच. बी-१२ आणि इतर गोळ्या मात्र जन्मभर.

गणपतीत आग्रहाखातर कुंदा, म्हणजे दुधाची गोड मिठाई, खाल्ला, दोनच चमचे, आणि तासभर आडवी पडले. आता सरळ नको म्हणते. पाहुणे रुसतात, रुसू देत.