दवाखान्यातलं इन्फेक्शन: दोष घरच्या गोळ्यायचा का वॉर्डाचा?

आर्णीकर: पेशंट भरती होते एका आजारानं, आठ-दहा दिवसांनी आयसीयूतून सांगतात क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला, औषध लागू पडून नाही राहिलं, मग आपण सगळे दवाखान्याच्या नावानं बोंबलतो. माझं म्हणणं, आधी घरात पाहा, जंतू तिथंच औषधाले सरावते. ताप आला की मेडिकलमधून सिफिक्झिम या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या, दोन घेतल्या, बरं वाटलं, बाकीच्या डब्यात. २०१४ पासून शेड्यूल एच-१ हा औषधविक्रीचा नियम लागू हाय, चिठ्ठीबिगर ही गोळी द्यायचीच नाई, रजिस्टरात पेशंटचं नाव लिहा लागते. कोण लिहिते?

कापूसवाला: राजेहो, सगळं खापर आमच्याच डोक्यावर काऊन? काका भरती होते तवा शेजारशेजारच्या तीन कॉटवर एकच जंतू निघाला, तिघं तीन तालुक्याचे. तिघायनं एकाच मेडिकलातून गोळ्या घेतल्या होत्या का? असिनेटोबॅक्टरसारखा जंतू कोरड्या कॉटच्या दांडीवरबी कित्येक दिवस जगते, तिथून हातानं, नळीनं पुढच्या पेशंटले.

आर्णीकर: हातानं पसरते, मान्य. पण औषधाले दाद न देणारा झाला कसा, ते सांग ना.

पोल्ट्रीवाला: कोंबड्यायच्या खाद्यात कोलिस्टिन चालायचं, माणसाले शेवटचा उपाय म्हणून ठेवलेलं औषध! २०१९ मध्ये केंद्रानं बंद केलं. आमच्या धंद्याले राग येईल पण बरं केलं.

नाइट ड्युटी: मी सिस्टर आहे. हात धुवा म्हणणं सोपं आहे हो, रात्री अख्ख्या वॉर्डाला आम्ही दोघी, एकाचं सक्शन चालू असताना दुसऱ्याची सलाईन संपते, हँडरबची बाटली असते पण रिकामी, आणि नातेवाईक कॉटवरच डबा उघडून बसतात, उठा म्हटलं की भांडण. तरी कापूसवाला भाऊंचं बरोबर आहे, तीन कॉटवर एकच जंतू म्हणजे आमच्याकडूनच गेला असणार.

आर्णीकर: मंग कल्चर, म्हणजे कोणता जंतू अन् त्याले कोणतं औषध लागू पडते ती तपासणी, करूनच औषध द्या ना. आमच्याकडचं सॅम्पल नागपूर नाईतर सेवाग्रामले जाते, रिपोर्टले दोन-तीन दिवस, तोवर डॉक्टरनं पाहत बसावं का?

नाइट ड्युटी: पाहत कशाला बसायचं, डोस लगेच द्या, फक्त सॅम्पल त्याच्याआधी घ्या आणि रिपोर्ट आल्यावर औषध बदला. होतं उलटं. मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक चढून जातं, मग कल्चरची आठवण येते.

आर्णीकर: म्हणजे चूक डॉक्टरची, दवाखान्याची नाई.

कापूसवाला: बाप्पा! तो डॉक्टर काय बसस्टँडवर बसते का?