गेम खेळताना येणारं रडू खरं, का नुसती सेटिंग?

तिसरी_सीट
स्पॉयलर (म्हणजे गोष्टीचा शेवट आधीच फोडणं) भरपूर आहेत, ज्यांचे रेड डेड टू नि लास्ट ऑफ अस खेळायचे बाकी आहेत त्यांनी इथूनच कल्टी मारा.

माझं म्हणणं असं की गोष्टीवाले गेम माणसाला जेवढं आतून हलवतात तेवढं सिनेमाला जमत नाही, कारण सिनेमात जे होतं ते दुसऱ्याच्या हातून होतं आणि गेममध्ये तुमच्या. रेड डेड रिडेम्प्शन टू घ्या, २०१८ चा. गोष्ट १८९९ ची. सुरुवातीलाच आर्थर मॉर्गनला, म्हणजे आपण ज्याला खेळवतो त्या टोळीतल्या दरोडेखोराला, वसुलीला पाठवतात, थॉमस डाउन्स म्हणून एक किडकिडीत शेतकरी असतो, कर्ज थकलेलं, तुम्ही बटण दाबून दाबून त्याला बदडता, तो आर्थरच्या तोंडावर खोकतो, मिशन संपतं आणि तुम्ही आरामात शिकारीला नाहीतर पत्ते कुटायला निघून जाता. डाउन्स डोक्यातून साफ जातो. मग कितीतरी तासांनी सेंट डेनिसच्या रस्त्यात आर्थर कोसळतो, डॉक्टर सांगतो टीबी आहे. तेव्हा ट्यूब पेटते की हा खोकला कुठून आला. तो मार मी दिलेला, आणि देताना मला काहीही वाटलं नव्हतं, उलट मिशन लवकर उरकलं म्हणून बरंच वाटलेलं. हे सिनेमात करून दाखवा.

गिरगाव_कॉर्नर
"मी दिलेला" हेच तर पटत नाही. न मारायचा ऑप्शन होता का? डाउन्सला मारल्याशिवाय गोष्ट इंचभर पुढे सरकत नाही. म्हणजे गेमवाल्याने तुझा हात धरून कानाखाली मारायला लावली आणि वर तुलाच विचारतोय, लाज नाही वाटत? स्पेक ऑप्स द लाइन (२०१२) मध्ये तर हे उघडउघड आहे, व्हाइट फॉस्फरस (माणसं जाळणारा बॉम्ब) टाकायलाच लागतो, दुसरा रस्ता ठेवलेलाच नाही, नंतर जळालेली बायकापोरं दाखवतात आणि राक्षस कोण तर आपण! मला पश्चात्ताप वगैरे काय झाला नाही, चिडचिड झाली.

आणि रडायच्या जागा कुठल्या ते पण बघ. बहुतेक वेळा कटसीन, म्हणजे मधेच आपोआप चालणारा सिनेमासारखा तुकडा, चालू असतो आणि कंट्रोलर मांडीवर पडलेला असतो. म्हणजे सिनेमाच की. रडायचंच असेल तर शिवाजी मंदिरला नाटकाला बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेत बसून रडलोय मी, समोर जिवंत माणूस घाम गाळत असतो, तिथे बटणाची गरज नाही लागत.

पोह्यावर_शेव
कटसीनवाल्यांसाठी माझ्याकडे एकच गेम आहे. ब्रदर्स, अ टेल ऑफ टू सन्स, २०१३, जोसेफ फारेसने केलेला. दोन भाऊ आजारी बापासाठी औषध आणायला निघतात. कंट्रोलरची डावी स्टिक (दांडी) नि डावा ट्रिगर (मागचं बटण) म्हणजे मोठा भाऊ, उजवं सगळं म्हणजे धाकटा. दोघांना एकाच वेळी तुम्हीच चालवायचं, सुरुवातीला अक्षरशः गोंधळ उडतो, एक भिंतीत घुसतो नि दुसरा भलतीकडेच जातो. आई बुडून गेलेली, त्यामुळे धाकटा पाण्याला घाबरतो, पोहायचं असलं की मोठ्याच्या पाठीला चिकटून जातो.

शेवटाजवळ मोठा मरतो. खड्ड्यात ठेवायचं पण आपणच, माती लोटायची पण आपणच, आणि हे सगळं उजव्या हाताने कारण डाव्याला आता कामच उरलेलं नाही. मग धाकटा एकटा पाण्यापाशी येतो. उजवा ट्रिगर दाबला तर तो पाऊल मागे घेतो. परत दाबा, तेच. कुठेही काही लिहून येत नाही. मग कधीतरी सुचतं म्हणून डावा ट्रिगर दाबायचा, मेलेल्या भावाचा, आणि पोरगं पाण्यात उतरून पोहायला लागतं.

एक डायलॉग नाही, तसंही गेमभर ते लोक कुठल्यातरी बनवलेल्या भाषेतच बोलतात. आता हे स्टेजवर कसं आणशील ते सांग.

गिरगाव_कॉर्नर
हे भारी आहे, मान्य. पण एक ब्रदर्स निघाला म्हणून सगळ्या गावाचं लग्न नाही लागत.

बोरिवली_स्लो
मी वेगळंच सांगतो. माझ्याकडे पीएस (प्लेस्टेशन) नाही, चार-पाच हजार रुपये एका गेमला घालणं आपल्याला परवडत पण नाही. लास्ट ऑफ अस (२०१३) अख्खा यूट्यूबवर बघितला, बोरिवली ते चर्चगेट जाता येता, मोबाईलवर, तेही बाजूच्याचा कोपर बरगडीत. गेमचा हिरो जोएल, त्याची पोरगी सारा जाते तिथे डोळे भरले माझे. आता मी कुठलं बटण दाबलं होतं? २०२३ मध्ये त्याची सिरीयल आली ती बघून तर ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर धरला नाही असे लोकही रडले. म्हणजे गोष्ट चांगली होती एवढंच. हात, बटण, ट्रिगर हे सगळं गेमर लोकांनी स्वतःची कॉलर ताठ करायला काढलेलं आहे.

तिसरी_सीट
साराचं ठीक आहे, तिथे बघणारा पण रडणारच. पण त्याच गेमचा शेवट बघ. हॉस्पिटल, जोएलने सांभाळलेली पोरगी एली टेबलावर, तिच्यापासून जगभरच्या साथीवर लस काढायची म्हणून, समोर सर्जन हातात ब्लेड घेऊन उभा. तुम्ही काही केलं नाहीत तर गेम तसाच थांबून राहतो, काहीच होत नाही. एलीचा जीव वाचवायचा तर त्याला मारायला लागतं, आणि तिला वाचवलं की जगाला लस मिळायची आशा संपली. तू बघताना म्हणशील "जोएलने डॉक्टरला मारलं". खेळणारा असं म्हणत नाही, तो म्हणतो "मी मारलं". आणि २०२० च्या दुसऱ्या भागात त्याच सर्जनची पोरगी एबी समोर येते आणि गेमचा मोठा हिस्सा तिलाच घेऊन खेळायला लागतं, तेव्हा ते अंगावर येतं.

गिरगाव_कॉर्नर
बरं झालं एबीचं नाव काढलंस. ती आवडली नाही म्हणून लोकांनी तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारायच्या धमक्या दिल्या. पात्राचा राग नटीवर! हीच का ती खोल भावना? व्हिलन करणाऱ्या नटाला जुन्या काळी प्रेक्षकांतल्या बायका शिव्या घालायच्या तो किस्सा आपण हसून सांगतो, हे त्याच्याही पुढचं झालं. हात गुंतला की माणूस शहाणा होतो असं काय नाय, येडा पण होतो.

सातरस्ता
टीबीचा विषय निघाला म्हणून लिहितेय. आमच्या घरात धाकट्या भावाला झालेला. रेड डेडच्या शेवटी आर्थर डोंगरावर सूर्योदय बघत मरतो, म्हणजे गेमवाल्यांना टीबी म्हणजे घोडा, डोंगर आणि उगवता सूर्य. आमच्याकडे टीबी म्हणजे सहा महिने रोजच्या गोळ्या, त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलंच नाही म्हणून त्याने घाबरून आईला मारलेली हाक, वेगळं ठेवलेलं ताट, आणि तो लिफ्टमध्ये शिरला की तोंडावर पदर घेणाऱ्या शेजारच्या काकू. औषध सुरू होऊन कितीतरी आठवडे झाले होते तरी. तोंडावर एकदा खोकला नि झाला, इतकं सोपं पण नसतं ते, बहुतेक वेळा रोज सोबत राहणाऱ्यालाच होतो. १८९९ मध्ये औषध नव्हतं हे मान्य, स्ट्रेप्टोमायसिन सापडलंच १९४३ ला. पण आजार असा देखणा करून विकलेला बघून मला रडू नाही आलं, राग आला.

तिसरी_सीट
ताई, भाऊ आता बरा आहे ना? काकूंचं वाचून डोकं फिरलं.

सूर्योदयाबद्दल थोडं भांडतो. तो शेवट ऑनर (चांगल्या-वाईट वागण्याचे गेममधले गुण) चांगला ठेवला असेल तरच मिळतो, नाहीतर आर्थर टोळीतल्याच मायका नावाच्या माणसाच्या हातून मरतो, त्यात देखणं काहीच नाही. आणि डाउन्सची बायको एडिथ नंतर भेटते, नवरा गेलेला, पोटासाठी धंद्याला लागलेली. तिला पैसे देऊन तिथून बाहेर काढायची मिशनं आहेत, ती नाही केली तरी गेम पुढे जातो. गिरगाव, तुझ्यासाठी पण हे. मारणं सक्तीचं होतं, भरपाई करणं नव्हतं. कितीतरी जण एडिथच्या बाजूने घोडा हाकून गेले असतील.

सातरस्ता
भाऊ ठणठणीत आहे, गेम पण त्याचाच होता. एडिथचं मी केलेलं. ती आर्थरला बघून जी बोलते ना, फटकून, तेवढं मात्र खरं वाटलं. ज्याच्यामुळे घर बसलं त्याच्याकडून मदत घ्यायची वेळ आली की बाई तशीच बोलणार. देखणेपणाबद्दल माझं मत आहे तेच आहे.

बोरिवली_स्लो
रेड डेड पण मी यूट्यूबवरच बघितला, एडिथवालं मला त्यात दिसलंच नाही. ज्याचं बघत होतो त्याने केलंच नसणार.

पोह्यावर_शेव
😂 घ्या, आता बोला.

गिरगाव_कॉर्नर
बोरिवली, स्वतःच्याच गोलमध्ये मारलास. असो. तो ब्रदर्स जुन्या लॅपटॉपवर चालेल का?

पोह्यावर_शेव
चालायला हवा, जुना गेम आहे. पण कीबोर्डवर खेळू नकोस, दोन स्टिकचा कंट्रोलर घे, लॅमिंग्टन रोडला साधा मिळून जाईल. तीन-चार तासांत संपतो.

गिरगाव_कॉर्नर
पण शेवट तर तूच सांगून टाकलास, आता रडू यायचं कसं?

पोह्यावर_शेव
शिवाजी मंदिरला एकच नाटक किती वेळा बघतोस ते आधी सांग.