फोनचा टच गेलाय, नवीन घ्यायचाय, व्हॉट्सअ‍ॅप सगळं जसंच्या तसं हवंय. तातडीने मदत हवी आहे

पाणंद
फोन पडला आणि टच गेला. दुकानदार म्हणतो डिस्प्लेला ४,५०० लागतील, त्यापेक्षा नवीन घ्या. वीस हजारांपर्यंत घेऊ शकते. पण गणपतीच्या सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. मूर्तीची उंची, रंग, नमुन्याचे फोटो, कोणी किती आगाऊ दिले, सगळं तिथेच. कोणता फोन घेऊ आणि चॅट कसे आणू? उद्या रत्नागिरीला जायचंय, आज रात्रीच सांगा प्लीज.

तिठा
जुना फोन अँड्रॉइड की आयफोन? चार्जिंगची पिन कोणती? ‘टच गेला’ म्हणजे पडद्यावर दिसतंय पण बोट चालत नाही, की पडदाच काळा? बॅकअप शेवटचा कधीचा? हे कळल्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

रानभूल
वीस हजारांत नवीन अँड्रॉइड घेण्यापेक्षा वापरलेला आयफोन घ्या. वर्षानुवर्षं अपडेट येतात आणि विकताना किंमतही येते.

सोल्डर
रानभूल, त्यांचा जुना फोन अँड्रॉइड असेल तर हा सल्ला आज सगळ्यात अडचणीचा. अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट ‘मूव्ह टू आयओएस’ अ‍ॅपने जातात, पण त्यासाठी आयफोन कोरा किंवा रीसेट केलेला लागतो आणि ते काम पहिल्या सेटअपमध्येच करावं लागतं. शिवाय हस्तांतर संपेपर्यंत जुन्या फोनवर ते अ‍ॅप समोर उघडं ठेवावं लागतं. ज्या फोनला टचच नाही त्यावर हा खेळ कशाला?

पाणंद
अँड्रॉइडच आहे, ११. पडदा नीट दिसतोय, फक्त बोट चालत नाही. सी टाइप पिन. बॅकअप आपोआप होत असेल ना?

जुई_क
जुना विकणार असाल तर रीसेट करण्याआधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढून टाका. नाहीतर रीसेटनंतर फोन तेच खातं मागतो आणि घेणारा अडकतो.

तिठा
जुई, विकायचं अजून कोणी म्हटलेलं नाही. पण त्यावरून महत्त्वाचं आठवलं. पाणंदताई, उद्या दुकानात एक्स्चेंजच्या ऑफरमध्ये जुना फोन तिथल्या तिथे देऊन येऊ नका. टच गेलेल्या फोनचे तसेही फार मिळत नाहीत आणि तुमच्या ऑर्डरी त्याच्या पोटात आहेत.

सोल्डर
पडदा दिसतोय ना, मग काम सोपं आहे. ४,५०० घालू नका. सी टाइप ओटीजी अ‍ॅडॅप्टर (फोनच्या पिनला माउस, पेनड्राइव्ह जोडायचा) घ्या, शे-दीडशेला मिळतो, आणि कॉम्प्युटरचा साधा वायरचा माउस लावा. पडद्यावर बाण दिसेल. त्याने पिन टाका, सगळं माउसने चालेल. क्रम असा ठेवा:
आधी फोन पूर्ण चार्ज करा, कारण पिनला माउस असताना साध्या अ‍ॅडॅप्टरने चार्जिंग होत नाही.
मग सेटिंग्ज, डिस्प्लेमध्ये जाऊन स्क्रीन टाइमआउट १० मिनिटांवर न्या.
मग व्हॉट्सअ‍ॅप, सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. तिथे ‘लोकल’ आणि ‘गूगल’ अशा दोन ओळींत शेवटची तारीख असते. त्या दोन्ही तारखा इथे लिहा.
माउसचा दिवा लागला पण बाण नाही, तर दुसरा माउस लावून बघा. दिवाच लागला नाही, तर अ‍ॅडॅप्टर नुसता चार्जिंगचा आहे किंवा फोनमध्ये ओटीजी बंद आहे. काही कंपन्यांच्या फोनांत तो स्विच सेटिंग्जमध्ये असतो आणि दहा मिनिटं काही जोडलं नाही की पुन्हा बंद होतो. तसं असेल तर टचशिवाय तो चालू करणं कठीण. मग रिपेअरवाल्याला सांगायचं, फोल्डर (म्हणजे नवा डिस्प्ले) चिकटवू नको, नुसता वरून जोडून अर्धा तास दे. बरेच जण थोड्या पैशांत देतात.

एकशेआठ
इतकं कशाला? प्रत्येक चॅटमध्ये ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून स्वतःला ईमेल करा. सुटसुटीत.

सोल्डर
एक्स्पोर्टमधून निघते ती मजकुराची फाइल. ती नवीन व्हॉट्सअ‍ॅपमध्ये परत घालता येत नाही. मीडियासकट घेतलं तर शेवटचे दहा हजार संदेशच येतात. पुरावा म्हणून ठेवायला ठीक, ‘जसंच्या तसं’साठी उपयोग नाही.

एकशेआठ
ऑर्डरी वाचायला मिळाल्या म्हणजे झालं की! लोक उगाच तांत्रिक करतात.

तिठा
नाही झालं. ग्राहकाच्या त्याच चॅटमध्ये ‘फोटोतल्यासारखा शेला’ असं लिहिलंय आणि फोटो दोनशे फायलींच्या ढिगाऱ्यात वेगळा पडला, तर चतुर्थीच्या तोंडावर कोण जुळवत बसणार?

पाणंद
माउस लागला!! बाण आला, पिनही टाकली. लोकल: आज पहाटे २. गूगल: मार्च. मार्चच का?

सोल्डर
गूगलचे फुकटचे १५ जीबी भरले असणार. अँड्रॉइडचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप आता त्याच १५ जीबीत मोजला जातो. जीमेल, फोटो आणि हा, तिघांत मिळून. जागा संपली की बॅकअप थांबतो. फोनमधला लोकल बॅकअप मात्र रोज पहाटे २ वाजता होत राहतो आणि साधारण शेवटचे सात दिवस राहतात.
आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नवीन फोनवर घाईत व्हॉट्सअ‍ॅप सुरू करून ‘स्किप’ दाबू नका. तसं केलं आणि रिकाम्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप झाला, तर त्याच नंबरचा गूगलवरचा मार्चचा बॅकअपही पुसून त्याजागी नवा बसतो.

पाणंद
मग नक्की काय करू?

सोल्डर
पहिला मार्ग: थेट हस्तांतर. जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप, सेटिंग्ज, चॅट्स, ‘ट्रान्सफर चॅट्स’, स्टार्ट. नवीन फोनवर तोच नंबर टाकून ओटीपीने पडताळणी. मग ‘जुन्या फोनवरून आणा’ असा पर्याय येतो, तो घेतला की क्यूआर कोड दिसेल. तो जुन्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपायचा. दोन्हीकडे वायफाय आणि लोकेशन चालू ठेवा. यात गूगलचे १५ जीबी लागत नाहीत, फोटोही येतात.
दुसरा मार्ग, पहिला अडला तर: जुन्या फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, मीडिया, कॉम.व्हॉट्सअ‍ॅप. त्यातलं ‘व्हॉट्सअ‍ॅप’ नावाचं अख्खं फोल्डर नवीन फोनवर त्याच जागी ठेवायचं, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नंबर टाकण्याआधी. नेण्यासाठी पेनड्राइव्ह. माउस आणि पेनड्राइव्ह एकदम लावायला छोटा यूएसबी हब लागेल. मग नंबर टाकला की ‘रिस्टोअर’ विचारतो.
दुसऱ्या मार्गाने जा किंवा न जा, ते फोल्डर आजच पेनड्राइव्हवर काढून ठेवा. फोन पडलेला आहे, पडदा उद्या दिसेलच याची खात्री नाही.

रानभूल
ते एंड टू एंड एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) बॅकअप चालू असेल तर पासवर्ड किंवा ६४ अंकी की लागेल, तीही बघा.

सोल्डर
हो, हे बरोबर. त्याच चॅट बॅकअपच्या पानावर ते चालू आहे का दिसेल. चालू असेल आणि पासवर्ड आठवत नसेल तर पहिलाच मार्ग धरा.

तिठा
आता फोनकडे येऊ. घरी कोणत्या कंपनीला रेंज आहे? व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर त्याच सिमवर आहे का?

पाणंद
देवरुखच्या आत आमच्याकडे फक्त बीएसएनएल. नंबर त्यावरच. दुकानदार म्हणतो सिम जुनं आहे, तेही ४जी करून घ्या.

तिठा
हे पहिल्याच वाक्यात हवं होतं, कारण निम्मा निर्णय यावरच आहे. बीएसएनएलचं ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे बँड २८ आणि बँड १. खोक्यावर ‘५जी’ लिहिलंय म्हणून समाधान मानू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या ४जी बँडच्या यादीत १ आणि २८ दोन्ही आहेत का बघा. ७०० मेगाहर्ट्झच घराच्या भिंती आणि झाडी ओलांडून आत येतं.
सिम बदला, पण उद्या नको. सिम बदललं की सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद असतात. त्या काळात यूपीआयची नोंदणी होणार नाही, कारण ती तुमच्या सिमवरून जाणाऱ्या एसएमएसवरच होते. व्हॉट्सअ‍ॅपचा ओटीपीही एसएमएसने येणार नाही, कॉल मागवावा लागेल. आधी जुन्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅप आणि यूपीआय लावून घ्या, ऑर्डरी मार्गी लावा, मग सिम.

एकशेआठ
२०० मेगापिक्सेलचा घ्या, मूर्तींचे फोटो छान येतील.

जुई_क
मेगापिक्सेलने काही होत नाही. ट्यूबलाइटखाली रंगकाम चालू असताना फोटो हलतो तो हात हलल्यामुळे. मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) आहे का ते बघा. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो म्हणजे खोक्यावर कॅमेऱ्यांची संख्या वाढवायची सोय, डोळ्यांची आखणी त्यात दिसत नाही. मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून काढून कापलेला फोटो जास्त स्वच्छ येतो.

तिठा
अनुमोदन. बाकी: स्टोरेज १२८ जीबी किमान, शक्यतो २५६, आणि प्रकार यूएफएस २.२ (वेगवान) किंवा वरचं. ईएमएमसी (जुन्या, संथ प्रकारचं स्टोरेज) असलेला फोन भरत आला की गॅलरी उघडायलाही रेंगाळतो. रॅम ‘८ + ८’ लिहिलेलं असतं त्यातले दुसरे ८ स्टोरेजमधून उसने घेतलेले, ते मोजू नका. अपडेट किती वर्षं देणार हे कंपनीच्या पानावर लिहिलेलं असेल तेच खरं धरा. आणि ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर रत्नागिरी किंवा चिपळूणला आहे तीच घ्या. पत्ता नकाशावर दिसला तरी आधी फोन करून खात्री करा.

रानभूल
वापरलेला घेतलाच तर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि केवायएम (KYM), एक जागा सोडून तो १५ अंकी नंबर, असं १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं.

पाणंद
चॅट आले! पहिल्याच मार्गाने, फोटोंसकट. सोल्डर, तिठा, खूप खूप आभार. फोनही तिठांनी सांगितलं तसं बँड बघूनच घेतला. आता गूगल पे अडलंय. ‘एसएमएस पाठवता आला नाही’ म्हणतंय. सिम बदललेलं नाही.

तिठा
रिचार्ज कोणता आहे? त्यात एसएमएस आहेत का?

पाणंद
व्हॅलिडिटीचा आहे, एसएमएस नाहीत बहुतेक.

तिठा
मग तेच. मेन बॅलन्समध्ये दहा-वीस रुपये टाका, एक साधा एसएमएस घरातल्या कोणाला पाठवून बघा. तो गेला की गूगल पे पुन्हा उघडा, सिम निवडताना बँकेत नोंदलेलाच नंबर निवडा, आणि संदेश जाईपर्यंत अ‍ॅप बंद करू नका. नवीन फोनवर पहिले २४ तास ५,००० पर्यंतच पाठवता येतात, तेव्हा रंगवाल्याचे पैसे मोठे असतील तर त्याला परवाची वेळ द्या. लोकांकडून येणाऱ्या आगाऊ रकमेला ही मर्यादा नाही.