अमेरिकेतील पब्लिक स्कूलमध्ये मुलामुलींचे वर्ग वेगळे असावेत का?

टेक्सासमधील पालक: आमच्या भागातील पब्लिक स्कूलने पुढील वर्षी सहावीच्या गणित-विज्ञानाच्या तासांना मुले आणि मुली वेगळ्या वर्गांत बसवण्याचा प्रस्ताव मांडला आहे. मुलामुलींचे मेंदू निरनिराळ्या पद्धतीने शिकतात, असे कारण पालकसभेत सांगण्यात आले. माझी मुलगी उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही, म्हणून प्रस्ताव हवासा वाटतो. परंतु करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या शाळेने अशी विभागणी करावी का, हे मला ठरवता येत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

कायदा_वाचक: शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या 'टायटल नाइन' या १९७२ च्या कायद्याखालील नियम २००६ मध्ये शिथिल झाले, तेव्हापासून असे वर्ग अटींवर चालवता येतात. प्रवेश पूर्णपणे ऐच्छिक हवा, त्याच विषयाचा तोडीस तोड एकत्र वर्ग उपलब्ध हवा आणि शाळेने किमान दर दोन वर्षांनी फेरआढावा घ्यायला हवा. सर्वांनाच सक्तीने वेगळे बसवणार असतील, तर प्रस्ताव तिथेच नियमबाह्य ठरतो. शिवाय १९९६ मध्ये फक्त पुरुषांना प्रवेश देणाऱ्या व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट या सरकारी लष्करी महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, स्त्रिया अशा असतात आणि पुरुष तसे असतात, अशा ढोबळ समजुतींवर सरकारी संस्थेला कोणाला दार बंद करता येणार नाही. मेंदूचे कारण मला म्हणूनच खटकते.

कन्याशाळेची_विद्यार्थिनी: माझे शिक्षण महाराष्ट्रात कन्याशाळेत झाले आणि तिथे प्रयोगशाळेतली उपकरणे आमच्याच हाती असत, याचे मोल मी जाणते. पुण्यात १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली तेव्हा अनेक घरांतून मुलींना मुलांबरोबर शिकायला पाठवलेच नसते. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्येही १९९६ मध्ये मुलींची पब्लिक स्कूल निघाली, ती तिथल्या गरीब वस्तीतल्या मुलींना कॉलेजपर्यंत पोहोचवण्यासाठी. ज्यांना हवी त्यांच्यासाठी अशी शाळा असावी, असे मला मनापासून वाटते.

गणित_शिक्षिका: ताई, आपला अनुभव मला मान्य आहे, मात्र यश विभागणीचे की चांगल्या शिक्षकांचे आणि निवडून घेतलेल्या विद्यार्थिनींचे, हे वेगळे काढणे अवघड असते. २०१४ मध्ये १८४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. ज्या अभ्यासांत विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी नीट विचारात घेतली होती, त्यांत वेगळ्या वर्गांचा फायदा नगण्य दिसला. मला अधिक भीती वाटते ती साधनांच्या वाटपाची. फिलाडेल्फियात सेंट्रल हायस्कूल मुलांसाठी आणि गर्ल्स हाय मुलींसाठी होते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांची मते ४-४ अशी समान पडल्याने खालच्या न्यायालयाचा निकाल कायम राहून ती व्यवस्था टिकली, पण १९८३ मध्ये राज्य न्यायालयासमोर दोन्ही शाळांची तुलना झाली तेव्हा ग्रंथालय, इमारत, शिक्षकांची पात्रता यांत मुलींची शाळा मागे असल्याचे आढळले आणि सेंट्रलला मुलींना प्रवेश द्यावा लागला. म्हणून दोन्ही वर्गांना कोणते शिक्षक आणि कोणता अभ्यासक्रम मिळणार, हे शाळेकडून लेखी घ्या. मुलगी हात वर करत नसेल, तर शिक्षकांनी नाव घेऊन विचारावे आणि उत्तरासाठी थोडा वेळ थांबावे. हे एकत्र वर्गातही उद्यापासून करता येते.

टेक्सासमधील पालक: आभारी आहे. एकत्र वर्गाचा पर्याय राहणार का, हे प्रस्तावाच्या कागदात कुठेही लिहिलेले नाही. तेच प्रथम लेखी विचारते.